टेपवर किती जागा उरली? चिप सांगते ते, सॉफ्टवेअर सांगतं ते आणि खरं ते



आजचा विषय जरा जुनाट वाटेल: टेप. हो, कॅसेटमध्ये असायची तीच चुंबकीय पट्टी. "अजून टेप वापरतात?" असं मला घरीही विचारतात आणि विभागातली एम.एस्सी.ची मुलंही विचारतात. वापरतात, आणि भरपूर वापरतात. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअर बिघाडामुळे सुमारे ०.०२ टक्के जीमेल वापरणाऱ्यांचे मेल खात्यातून नाहीसे झाले होते. गूगलने ते परत आणले ते टेपवरून. डिस्कवरच्या सगळ्या प्रतींपर्यंत बिघाड पोचला, पण टेप कपाटात शांत बसलेली होती, तिच्यापर्यंत नाही पोचला. टेपचा मोठा गुण हाच. ठेवून दिली की वीज खात नाही, नेटवर्कला जोडलेली नसते, आणि कोणी चुकून "डिलीट" दाबलं तरी तिला कळत नाही.

माझं पीएचडीचं काम कमी फ्रीक्वेन्सीच्या रेडिओ खगोलशास्त्रातलं. बसते नागपुरात, पण डेटा येतो जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीतून. अशा दुर्बिणींचा कच्चा डेटा वर्षानुवर्षं टेपवर साठवला जात आला आहे. त्यामुळे "या टेपवर अजून किती जागा उरली?" हा प्रश्न आमच्यासारख्यांना सारखा पडतो. ऐकायला तो पाण्याच्या टाकीत डोकावण्याइतका सोपा वाटतो. पण या एकाच प्रश्नाला तीन वेगवेगळी उत्तरं मिळतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. कोणत्या उत्तरावर किती विसंबायचं, ते आज बघू.

आधी टेप म्हणजे काय ते

आज बॅकअपसाठी जी टेप सर्रास दिसते तिला एलटीओ म्हणतात. २००० साली तिची पहिली पिढी आली, तेव्हा एका कार्ट्रिजमध्ये १०० जीबी मावायचे. २०१७ च्या आठव्या पिढीत तो आकडा १२ टीबी झाला आणि २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टीबी. कार्ट्रिजचा आकार मात्र तोच राहिला, तळहातावर मावेल एवढा.

आठव्या पिढीची टेप घ्या. पट्टीची लांबी ९६० मीटर, रुंदी अर्धा इंच. या अर्ध्या इंचात एकाशेजारी एक अशा ६,६५६ रेघा असतात आणि ड्राइव्हचं डोकं एका वेळी ३२ रेघा लिहितं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं की ते किंचित सरकतं आणि उलट्या दिशेने लिहीत परत येतं. शेत नांगरताना बैल बांधापर्यंत जातात, वळतात आणि शेजारच्या तासाने परत येतात, अगदी तसंच. ६,६५६ ला ३२ ने भागलं की २०८ फेऱ्या येतात. म्हणजे टेप पूर्ण भरायची तर पट्टी डोक्यासमोरून सुमारे २०० किलोमीटर धावते. नागपूरहून निघालात तर अमरावतीच्याही बरंच पुढे जाल! पूर्ण उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ३६० एमबी लिहितो, त्या हिशोबाने हा प्रवास सव्वानऊ तासांचा होतो. म्हणजे पट्टी तासाला एकवीस-बावीस किलोमीटरच्या वेगाने धावते, जोरात हाणलेल्या सायकलइतकी.

आता जागेचा अर्थ लागतो. डिस्कवर मोकळी जागा इथे थोडी, तिथे थोडी अशी विखुरलेली असते. टेपवर तसं नसतं. तिथे एकच सलग वाट असते आणि त्या वाटेवर "इथवर लिहिलंय" अशी एक खूण असते. खुणेच्या मागचं सगळं भरलेलं, पुढचं सगळं कोरं. उरलेली जागा म्हणजे या खुणेपासून बांधापर्यंतचं अंतर. बस्स.

पहिलं उत्तर: चिपचं

एलटीओ कार्ट्रिजच्या आत एक छोटी चिप असते. सहाव्या पिढीपासून तिची स्मृती १६ केबी आहे, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एका फोटोपेक्षाही कितीतरी कमी. टेप ड्राइव्हमध्ये सरकवली की ड्राइव्ह ही चिप रेडिओ लहरींनी वाचतो, मेट्रो कार्ड टेकवल्यासारखं. कार्ट्रिजचा क्रमांक, ती किती वेळा चढवली गेली, आजवर किती लिहिलं-वाचलं गेलं, चुका किती दुरुस्त कराव्या लागल्या, आणि आपल्या कामाचे दोन आकडे, म्हणजे या टेपची एकूण क्षमता आणि उरलेली क्षमता, हे सगळं त्यात असतं. लिनक्सवर ही माहिती वाचायला छोटी मोफत साधनं मिळतात. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपन्याही आपापलं तपासणीचं सॉफ्टवेअर देतात.

हा आकडा सगळ्यात प्रामाणिक. कारण तो डेटा मोजत नाही, वाट मोजतो. २०८ पैकी १०४ फेऱ्या झाल्या असतील तर १२ पैकी साधारण ६ टीबी उरले असं सांगतो. आत नेमकं काय लिहिलंय याच्याशी त्याला घेणं-देणं नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. टेप विकणारे १ टीबी म्हणजे दहावर बारा शून्यं असलेली संख्या धरतात. चिप आणि बरीच सॉफ्टवेअरं १०२४ च्या पटीत मोजतात. म्हणून कोऱ्या १२ टीबीच्या टेपवर पडद्यावर १०.९ असा आकडा दिसतो. टेप खराब नसते, दुकानदारानेही फसवलेलं नसतं. मीटर आणि फुटाचा फरक आहे, एवढंच.

दुसरं उत्तर: सॉफ्टवेअरचं

बॅकअप सॉफ्टवेअर स्वतःची वही ठेवतं. या टेपवर मी आजवर इतके बाइट पाठवले, म्हणून इतके उरले असतील. ही वजाबाकी कशातून करायची हा आकडा मात्र बहुतेक वेळा तुम्हीच कधीतरी सेटिंगमध्ये भरलेला असतो. तिथे कार्ट्रिजवर छापलेला मोठा आकडा भरला तर हिशोब पहिल्या दिवसापासून फसला.

हा मोठा आकडा कुठून येतो? आठव्या पिढीच्या टेपवर "१२ टीबी" आणि शेजारी "३० टीबी" असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा कॉम्प्रेशन धरून काढलेला असतो. लिहिण्याआधी ड्राइव्ह स्वतःच डेटा दाबतो, आणि कंपन्यांनी असं गृहीत धरलंय की तो अडीच पट दाबला जाईल. पाचव्या पिढीपर्यंत हे गृहीतक दुपटीचं होतं, म्हणून तिथे दीड टीबीच्या शेजारी तीन दिसतात. सहाव्या पिढीपासून ते अडीचपट झालं. पण तुमचा डेटा अडीच पट दाबला जाईल असं वचन तुम्हाला कुणीही दिलेलं नाही.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. जिनिंग-प्रेसिंगमध्ये ढीगभर कापूस येतो, तो दाबून १७० किलोची आटोपशीर गाठ होते. कारण कापसात मधे हवाच हवा असते. आता तसाच प्रेस संत्र्यांच्या ढिगावर चालवून बघा. गाठ होणार नाही, रस निघेल. डेटाचंही असंच आहे. काही डेटा कापूस असतो, काही संत्री.

एखाद्या फाइलमध्ये एकच शब्द, एकच ओळ, शून्यांची लांबलचक रांग पुन्हा पुन्हा येत असेल तर तो कापूस. "शून्य, शून्य, शून्य" असं दहा हजार वेळा लिहिण्याऐवजी "शून्य, दहा हजार वेळा" एवढंच लिहिता येतं आणि उघडताना काहीही हरवत नाही. साध्या मजकुराच्या फाइली, नोंदवह्या, प्रोग्रॅमचा कोड, मोकळे रकाने असलेले तक्ते हे असे दाबले जातात. पण जिथे पुढचा अंक आधीच्या अंकांवरून ओळखताच येत नाही तिथे दाबायला हवाच नसते. आधीच झिप केलेल्या फाइली, फोटो, व्हिडिओ आणि कुलूपबंद केलेला म्हणजे एन्क्रिप्ट केलेला डेटा ही सगळी संत्री. चांगल्या एन्क्रिप्शनची खूणच ही की आतला डेटा बाहेरून निव्वळ गोंधळ दिसावा. म्हणून दाबायचं असेल तर ते कुलूप लावण्याआधी, नंतर काही उपयोग नाही.

आमचा डेटा संत्री का?

जीएमआरटीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मधल्या चौकात दाटीने, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक दोन अँटेनांचे संदेश एकमेकांशी ताडून एक संख्या मिळते. ३० अँटेनांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५.

आता एक ढोबळ हिशोब करू. समजा २,०४८ फ्रीक्वेन्सी चॅनेल आहेत, दोन ध्रुवीकरणं आहेत, आणि प्रत्येक संख्येला ८ बाइट लागतात. एका क्षणाची नोंद झाली सुमारे १.४ कोटी बाइट, म्हणजे १४ एमबी. अशी नोंद दर ५ सेकंदांनी घेतली तर तासाला साधारण १० जीबी, आणि दहा तासांच्या निरीक्षणाला १०० जीबीच्या थोडं वर.

या संख्यांमध्ये असतं काय? दूरच्या दीर्घिकांकडून येणारा रेडिओ संदेश इतका क्षीण असतो की एकट्या-दुकट्या संख्येत मुख्यतः यंत्राचा आणि आकाशाचा खरखराटच असतो. रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे ऐकू येते ना, तीच खरखर. लाखो संख्या एकत्र केल्यावर खरखर एकमेकींना खोडते आणि आतलं चित्र वर येतं. पण टेपवर जातात त्या सुट्या संख्या, खरखरीसकट. त्या संख्यांचे शेवटचे अंक निव्वळ योगायोगाचे असतात आणि योगायोग दाबता येत नाही.

परिणाम बघा. १२ टीबीच्या टेपवर अशी दहा तासांची निरीक्षणं मावतात सुमारे ११५. "३० टीबी" वर विश्वास ठेवून कोणी नियोजन केलं तर त्याच्या कागदावर येतील जवळपास २९०. म्हणजे पावणेदोनशे निरीक्षणांना जागाच नाही, आणि हे कळणार कधी? मध्यरात्री टेप संपल्यावर!

इथे एक शंका हमखास येते: मग डेटाच लहान का नाही करत? करता येतो. २,०४८ चॅनेलची सरासरी काढून ५१२ केले की डेटा चौथाई होतो. पण हे दाबणं नव्हे, हे फेकणं. कापसाची गाठ परत सुटते, सरासरीतून मूळ संख्या परत येत नाहीत. बारीक वर्णपट-रेषा शोधणाऱ्याचा शोध त्यातच बुडतो, आणि चित्राच्या कडेचे स्रोत पुसट होतात. म्हणून असा निर्णय टेप संपत आल्याच्या घाईत घ्यायचा नसतो.

तिसरं उत्तर: खरं

म्हणजे चिप सांगते वाट किती उरली, सॉफ्टवेअर सांगतं माल किती पाठवला. आपल्याला हवं असतं ते तिसरंच: माझा अजून किती माल मावेल? ते या दोन्हींना जोडून मिळतं.

उदाहरण घेऊ. सॉफ्टवेअरची वही म्हणते ५ टीबी पाठवले. चिप म्हणते १२ पैकी ७.२ टीबी कोरी. म्हणजे ५ टीबी माल प्रत्यक्षात ४.८ टीबी जागेत बसला. ५ भागिले ४.८, गुणोत्तर आलं १.०४. पुढचा मालही असाच असेल तर ७.२ गुणिले १.०४, म्हणजे साधारण साडेसात टीबी मावतील. हेच गुणोत्तर २.४ आलं असतं तर सतरा टीबीपर्यंत आशा ठेवता आली असती. टेप तीच, चिपचा आकडाही तोच, पण उत्तर दुपटीहून जास्त वेगळं. आणि "पुढचा मालही असाच असेल तर" ही अट विसरू नका. आजवर कोड आणि नोंदी लिहिल्या आणि उद्या कच्चा डेटा पाठवला, तर जुनं गुणोत्तर कामाचं नाही.

नवा डेटा कापूस की संत्री हे आधीच कळायला एक सोपी युक्ती आहे. त्यातली एक-दोन जीबीची नमुना फाइल घ्या आणि साध्या जीझिपने दाबून बघा. ०.९५ जीबी झाली तर ड्राइव्हही काही चमत्कार करणार नाही. ०.४ झाली तर बरीच जागा वाचेल. ड्राइव्हची पद्धत जीझिपहून वेगळी असते, त्यामुळे आकडा तंतोतंत जुळत नाही, पण अंदाजाला पुरतो. अमांडा नावाच्या जुन्या मोफत बॅकअप सॉफ्टवेअरसोबत तर खास यासाठीच एक साधन येतं. ते न दाबला जाणारा डेटा टेपच्या शेवटापर्यंत लिहून खरी क्षमता मोजतं. त्यात तासन् तास जातात आणि ते फक्त कोऱ्या टेपवरच करायचं.

जागा गळते कुठे?

आता काही छोट्या गळत्या. आकडे थोडे इकडे-तिकडे होतात ते यांच्यामुळे.

पहिली गळती दुरुस्तीची. ड्राइव्ह लिहिता लिहिताच लगेच मागून वाचून बघतो. एखादा तुकडा नीट उमटला नसेल तर तोच पुढे पुन्हा लिहितो. डोकं मळलं असेल किंवा टेप झिजली असेल तर हे वारंवार होतं आणि १२ टीबीच्या टेपवर १२ मावत नाहीत. क्षमता अशी हळूहळू घटताना दिसली तर टेपला दोष देण्याआधी ड्राइव्ह साफ करायचं कार्ट्रिज चालवून बघा.

दुसरी गळती लहान फाइलींची. ड्राइव्ह डेटा काही एमबीच्या ठरावीक गठ्ठ्यांत लिहितो. प्रत्येक लहान फाइलीनंतर "आत्ताच्या आत्ता लिही" असा हुकूम दिला तर गठ्ठा अर्धा रिकामा असला तरी तो तसाच निघतो, पाच प्रवासी घेऊन निघालेल्या एस्टीसारखा. म्हणून हजारो लहान फाइली आधी टारने एका मोठ्या फाइलीत बांधा, मग टेपवर पाठवा.

तिसरी गळती मोठी आणि सगळ्यात फसवी: पुसलेल्या फाइली. पाचव्या पिढीपासून, म्हणजे २०१० पासून, एलटीएफएस नावाची सोय आहे. तिच्यामुळे टेप पेनड्राइव्हसारखी फोल्डर दाखवते आणि उरलेली जागाही दाखवते. सोय उत्तम, पण तिथे फाइल डिलीट केली की फक्त तिचं नाव यादीतून जातं, वाटेवरची जागा अडलेलीच राहते. आपल्याला वाटतं दोन टीबी मोकळे केले आणि आकडा काही हलत नाही. ती जागा परत मिळवायचा मार्ग एकच: कामाचा डेटा दुसऱ्या टेपवर उतरवून घ्यायचा आणि ही टेप पहिल्यापासून नव्याने वापरायची.

तपासायचं कसं?

१. सगळ्यात आधी कार्ट्रिजवरचं लिहिण्याचं कुलूप सरकवून बंद करा. तपासायला लिहावं लागत नाही. टेपच्या सुरुवातीला चुकून एक छोटी फाइल जरी लिहिली गेली तरी "इथवर लिहिलंय" ही खूण तिथे येते आणि पुढचा सगळा डेटा ड्राइव्हच्या लेखी संपतो.

२. चिपवरून एकूण आणि उरलेली क्षमता वाचा. एकक कोणतं आहे ते बघा, हजाराच्या पटीचं की १०२४ च्या.

३. सॉफ्टवेअरच्या वहीतून आजवर पाठवलेला माल घ्या आणि गुणोत्तर काढा.

४. पुढे जाणाऱ्या डेटाचा नमुना दाबून बघा. शंका असेल तर गुणोत्तर १ धरा. कच्च्या वैज्ञानिक डेटासाठी मी नेहमी १ च धरते.

५. पाच टक्के जागा सोडून द्या. टोक जवळ आलं की ड्राइव्ह आगाऊ इशारा देतो, पण तो हातातली फाइल नीट बंद करण्यापुरता असतो, नवी फाइल सुरू करण्यासाठी नव्हे.

६. तारीख, आकडा आणि गुणोत्तर वहीत लिहा. त्याच टेपचे तीन-चार महिन्यांचे आकडे शेजारी ठेवले की नवी टेप कधी मागवायची ते आपोआप कळतं. आणि विद्यापीठात खरेदीची फाइल किती टेबलांवरून फिरते हे तुम्हाला सांगायला नकोच!

नागपूरकरांसाठी एक जास्तीची सूचना. दीर्घकाळ ठेवायच्या टेपला साधारण १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात आपण सगळे कूलरच्या भरवशावर जगतो. कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळूनच. माणसाला बरं वाटतं, पण टेपच्या कपाटासाठी ती खोली चुकीची. पट्टी उष्णतेने आणि दमटपणाने किंचित ताणते-आखडते, आणि अर्ध्या इंचात ६,६५६ रेघा असतील तर "किंचित" सुद्धा पुष्कळ होतं.

जागा संपते तेव्हा नेमकं काय पणाला लागतं

हे सगळं कारकुनी काम वाटेल. पण टेप संपली की कोणीतरी कपाटाकडे बघतं आणि म्हणतं, "ती जुनी वापरू या, तिच्यावर काय एवढं आहे?" धोका तिथे असतो.

१९६९ च्या जुलैमध्ये चंद्रावरून आलेलं अपोलो ११ चं मूळ चित्रण जमिनीवरच्या केंद्रांनी टेपवर घेतलं होतं. जगाने टीव्हीवर पाहिलं ते त्याचं रूपांतर केलेलं, कमी दर्जाचं चित्र. मूळ टेपांचा पुढे बराच शोध घेतला गेला. २००९ मध्ये नासाने निष्कर्ष मांडला की त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, कारण नंतरच्या काळात टेपचा तुटवडा होता. कुणी वाईट हेतूने केलं नाही. जागा हवी होती आणि जुन्या टेपवर जागा होती.

आता याच्या उलटं, आपल्या जवळचं उदाहरण. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं मोठं सर्वेक्षण केलं, टीजीएसएस नावाचं. कमी फ्रीक्वेन्सीवर आयनांबर चित्र हलवतं, पाण्याच्या तळाचं नाणं हलताना दिसावं तसं, आणि ते दुरुस्त करणं फार कठीण. हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी अर्काइव्हमधला तोच कच्चा डेटा, २,००० तासांहून जास्त, नव्या पद्धतींनी पुन्हा तपासला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात ९० टक्के आकाश आणि सुमारे ६.२ लाख रेडिओ स्रोतांची यादी आहे. माझ्यासारखी कितीतरी मुलं आज ती यादी रोज उघडतात. दुर्बीण पुन्हा एक तासही फिरवावी लागली नाही, कारण कच्च्या संख्या खरखरीसकट जपून ठेवलेल्या होत्या. जागा वाचवायला कोणी त्यांची सरासरी काढून ठेवली असती तर हे एवढं नीट झालं नसतं.

आणखी एक बाजू आहे, चिप कधीच न सांगणारी. जुने एलटीओ ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचायचे. आठव्या पिढीत ते एकाच पिढीवर आलं. सहाव्या पिढीची टेप आठव्याच्या ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. म्हणजे एखाद्या जुन्या टेपवर चिप खुशाल "अर्धी मोकळी" म्हणेल, पण तुमच्याकडचा शेवटचा जुना ड्राइव्ह बंद पडला की त्या मोकळ्या अर्ध्यालाही अर्थ नाही आणि भरलेल्या अर्ध्यालाही नाही. म्हणून वहीत उरलेल्या जागेच्या शेजारी एक रकाना आणखी असू द्या: ही टेप वाचणारा ड्राइव्ह आज आपल्याकडे चालू आहे का? त्या रकान्यात "नाही" यायच्या आत डेटा पुढच्या पिढीवर उतरवायला हवा.

एकूण काय, उरलेली जागा तपासायची ती नवी टेप वेळेत मागवता यावी म्हणून. टेप वेळेत आली की जुनी पुसायची वेळच येत नाही. तुमच्या प्रयोगशाळेत कपाटात टेप पडून असतील तर या आठवड्यात कुलूप सरकवून एकेक चढवा, चिप वाचा आणि वहीत नोंद करा. गुणोत्तर काय आलं ते मलाही कळवा. भूशास्त्र, हवामान, जैवतंत्रज्ञानवाल्यांचा डेटा कापूस निघतो की संत्री, याची मला खरंच उत्सुकता आहे.